बँकेतली आयटी स्ट्रॅटेजी कमिटी आणि आयटी स्टीअरिंग कमिटी: फरक नेमका काय

पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांमधून बँकेत किंवा एनबीएफसीत (बँक नसलेली, पण कर्ज वगैरे देणारी वित्तसंस्था) गेलेल्या लोकांचा सुरुवातीला हमखास गोंधळ होतो तो या दोन कमिट्यांवरून. दोन्ही आयटीच्या, दोन्ही निदान तिमाहीला एकदा बसतात, दोन्हीची पीपीटी तीच चार माणसं रात्री जागून बनवतात, आणि वर शॉर्टफॉर्म केला की दोघीही आयटीएससी. "आयटीएससीला टाकलंय" असा मेल आला की कुठल्या, हे विचारावंच लागतं. (रिझर्व्ह बँक हा शॉर्टफॉर्म स्ट्रॅटेजीवालीसाठी वापरते, त्यामुळे वाद झाला तर तेच धरा.)

बऱ्याच जणांची समजूत अशी असते की एक धाकटी आणि एक थोरली, स्टीअरिंगमध्ये पास झालेलं पुढे स्ट्रॅटेजीत शिक्का मारायला जातं, बास. तसं असतं तर दुसरी कमिटी ठेवायचीच कशाला, एकाच मीटिंगला दोन सह्या घेतल्या असत्या की.

आधी कोण बसतं ते बघू. रिझर्व्ह बँकेने 7 नोव्हेंबर 2023 ला आयटी गव्हर्नन्सवर (आयटीला दिशा देणं आणि वरून लक्ष ठेवणं) एक मास्टर डायरेक्शन, म्हणजे पाळायच्या नियमांचा एकत्र संच, काढलं, ते 1 एप्रिल 2024 पासून लागू झालं. दोन्ही कमिट्या नव्या नाहीत, 2011 च्या गोपालकृष्ण समितीच्या गाईडलाइन्सपासून चालत आल्यात, पण 2023 ला त्यांची कामं नीट बांधून दिली. स्ट्रॅटेजी कमिटी ही बोर्डाची कमिटी, म्हणजे किमान तीन डायरेक्टर. तिचा अध्यक्ष इंडिपेंडंट डायरेक्टर (बँकेत नोकरी किंवा हितसंबंध नसलेला) पाहिजे आणि त्याला आयटीतला भरीव अनुभव पाहिजे, भरीव म्हणजे किती तेही लिहून दिलंय: निदान 7 वर्षं माहिती-प्रणाली सांभाळल्याचा किंवा टेक्नॉलॉजी-सायबरसिक्युरिटीची कामं पुढे नेल्याचा अनुभव. निवृत्त सनदी अधिकारी आहेत, मोठं नाव आहे, बसवा खुर्चीत, हे चालत नाही. स्टीअरिंग कमिटीत मात्र डायरेक्टर असावे लागत नाहीत, तिथे बँकेतलेच सीनियर मॅनेजमेंटचे लोक, आयटीचे आणि बिझनेसचे दोन्हीकडचे. रिटेल लोनवाला, कार्डवाला, ऑपरेशन्सवाली मॅडम, आयटी हेड असे सगळे एका टेबलाला, आणि प्रत्येकाला आपलं काम आधी करून हवं असतं.

सोसायटीत राहणाऱ्यांना लगेच कळेल. लिफ्ट नवी बसवायची की जुनीच दुरुस्त करून दोन वर्षं काढायची हे जनरल बॉडी ठरवते, कारण पैसा सगळ्यांचा आणि लिफ्टमध्ये अडकणारेही सगळेच. कुठल्या दिवशी लिफ्ट बंद ठेवायची, कंत्राटदाराच्या मागे कोण लागणार, हे मॅनेजिंग कमिटी बघते. जनरल बॉडी कंत्राटदाराच्या माणसाला फोन करत बसली तर काय होतं ते तुम्ही बघितलं असेलच.

आता खरं उदाहरण घेतो, एकच विषय दोन्ही कमिट्यांत कसा वेगळा दिसतो ते. समजा बँकेचं मोबाईल बँकिंग बंद पडलं. किती वेळात ते डीआर साइटवरून (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे मुख्य डेटा सेंटर पडलं तर वापरायची पर्यायी जागा) परत उभं राहिलं पाहिजे? या वेळेला आरटीओ (रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह) म्हणतात. (किती वेळाचा डेटा गेला तर चालेल तो आरपीओ, आणि महत्त्वाच्या सिस्टिम्ससाठी तो जवळपास शून्यच हवा असं डायरेक्शन सांगतं.) आरटीओ 4 तास ठेवायचा की 30 मिनिटं, हा वरवर टेक्निकल प्रश्न वाटतो, पण 30 मिनिटं म्हटलं की डीआरचं सगळं यंत्र कायम गरम, म्हणजे लगेच काम घेईल असं चालू, ठेवावं लागतं, लायसन्स जवळपास डबल, तिकडे सतत डेटा कॉपी करणारी रेप्लिकेशनची लिंक जाड, आणि तिकडे रात्रंदिवस माणसं. म्हणजे हा पैशाचा आणि बँकेने किती धोका अंगावर घ्यायचा याचा निर्णय झाला. पगाराच्या दिवशी सकाळी 4 तास ॲप बंद राहिलेलं आपल्याला परवडेल का, हे सर्व्हर सांभाळणाऱ्याने का ठरवायचं? म्हणूनच आरटीओ मंजूर करायचं काम डायरेक्शनने सरळ स्ट्रॅटेजी कमिटीला दिलंय.

ठरलं, 30 मिनिटं. आता हे जातं स्टीअरिंगकडे आणि तिथे त्याचं रूपच बदलतं. कुठली ॲप्लिकेशन्स आधी न्यायची, कुठल्या वीकेंडला, दिवाळीच्या आधी चेंज फ्रीझ (सिस्टिममध्ये बदल बंद) आहे तर मग नोव्हेंबर का डिसेंबर, कार्डवाले म्हणतात आमच्या फेस्टिव्ह ऑफरचं रिलीज आधी, लोनवाले म्हणतात महिनाअखेरीला हात लावू नका, आणि एसएमएस पाठवणाऱ्या व्हेंडरने फक्त मेन डेटा सेंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) व्हाइटलिस्ट केलाय, म्हणजे त्यालाच परवानगी दिलीय, डीआरचा केलेलाच नाही, त्यामुळे डीआरवर गेलो की ॲप चालू पण ओटीपी येत नाही. ज्याने ड्रिल, म्हणजे डीआरवर जाऊन बघायचा सराव, केलंय त्याला ही गंमत माहितीये. डीआरवरचं सर्टिफिकेट कधीच एक्स्पायर झालेलं असतं, फायरवॉलचा एखादा रूल इकडे टाकलेला आणि तिकडे राहिलेला असतो. म्हणून तर डायरेक्शनमध्ये डेटा सेंटर आणि डीआरचं कॉन्फिगरेशन आणि पॅचेस (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या) सारखे हवेत असं लिहिलंय, आणि महत्त्वाच्या सिस्टिम्सचं ड्रिल निदान सहा महिन्यांनी, तेही शनिवारी रात्री जाऊन रविवारी पहाटे परत असं नाही, तर पूर्ण एक कामाचा दिवस, दिवसाच्या सुरुवातीपासून एंड ऑफ डेपर्यंत, डीआरवर काढायचा. हे घडवून आणायचं काम स्टीअरिंगचं आणि तिच्या खाली आयटी हेडचं.

मग ड्रिल झालं आणि 30 मिनिटांऐवजी दोन तास लागले. वर काय सांगायचं? इथेच सगळे चुकतात. फायरवॉलचा रूल स्ट्रॅटेजी कमिटीला सांगून काही उपयोग नाही, त्या डायरेक्टरने त्याचं काय करायचं? तिथे सांगायचं ते हे: तुम्ही 30 मिनिटं मंजूर केली होती, प्रत्यक्षात दोन तास लागले, दुरुस्तीला मार्चपर्यंत वेळ लागेल, तोपर्यंत दीड तासाचा जास्तीचा धोका बँकेच्या अंगावर आहे, तो तुम्ही मान्य करताय की जास्त पैसे देऊन लवकर मिटवायचाय? हा प्रश्न घेऊन गेलात तर ती स्ट्रॅटेजी कमिटी. नुसता हिरवा-पिवळा-लाल तक्ता घेऊन गेलात तर ती स्टीअरिंगचीच मीटिंग, फक्त चहा जरा चांगला.

बाकी पुस्तकी व्याख्या हव्याच असतील तर कोबिटमध्ये (आयटी गव्हर्नन्सची आंतरराष्ट्रीय चौकट) हेच आहे: गव्हर्नन्सकडे मूल्यमापन करणं, दिशा देणं आणि लक्ष ठेवणं, आणि मॅनेजमेंटकडे नियोजन, बांधणी, चालवणं आणि रोजचं मॉनिटरिंग. कोबिट 2019 मध्ये एकूण 40 उद्दिष्टांपैकी गव्हर्नन्सची फक्त 5 आहेत, उरलेली 35 मॅनेजमेंटची. या प्रमाणावरून अंदाज घ्या, बोर्डाने थोड्याच गोष्टी बघायच्यात पण त्या दुसऱ्या कुणी बघायच्या नाहीत.

आता कोटकचं प्रकरण. 24 एप्रिल 2024 ला रिझर्व्ह बँकेने कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन आणि मोबाईलवरून नवे ग्राहक घ्यायला आणि नवी क्रेडिट कार्डं द्यायला बंदी केली, ती उठली 12 फेब्रुवारी 2025 ला. कारणांची यादी जाहीर झाली होती: आयटी इन्व्हेंटरी, पॅच आणि चेंज मॅनेजमेंट, युजर ॲक्सेस, व्हेंडर रिस्क, डेटा सिक्युरिटी, डीआर ड्रिल. तेव्हा बरेच लोक म्हणाले की बघा, सगळी मॅनेजमेंटची कामं, खालच्या लोकांनी केली नाहीत. मला हे पटत नाही. त्याच निवेदनात पुढे आहे की लागोपाठ दोन वर्षं बँक आयटी रिस्क आणि सिक्युरिटी गव्हर्नन्समध्ये कमी पडली, आणि धंदा जितका वाढला त्या मानाने सिस्टिम्स आणि कंट्रोल्स वाढवले नाहीत. एखादा पॅच राहिला तर ती खालची चूक, पण पहिल्या वर्षी दाखवलेली उणीव दुसऱ्या वर्षीही तशीच राहिली तर तो पॅचचा विषय उरतच नाही. धंदा इतक्या वेगाने वाढवताय तर खालचं यंत्र तेवढं ओढू शकेल का, नसेल तर वेग कमी करायचा का, हा प्रश्न स्टीअरिंग विचारूच शकत नाही, कारण तिथे बसलेल्या निम्म्या लोकांचा बोनसच त्या वेगावर असतो!

एचडीएफसी बँकेच्या वेळीही रोख तिकडेच होता. 21 नोव्हेंबर 2020 ला प्रायमरी डेटा सेंटरची वीज गेली, नेट बँकिंग आणि पेमेंट अडकलं, त्याच्या आधीच्या दोन वर्षांतही असे प्रकार झालेले होते. डिसेंबरच्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा आदेश आला की डिजिटल 2.0 या बँकेच्या डिजिटल योजनेखालची नवी लाँचेस आणि नवे क्रेडिट कार्ड ग्राहक थांबवा, आणि बोर्डाने चुका तपासून जबाबदारी निश्चित करावी. वीज डेटा सेंटरची गेली होती, सांगितलं मात्र बोर्डाला. कार्डांवरची बंदी ऑगस्ट 2021 ला उठली, बाकीचं मार्च 2022 मध्ये.

बोर्ड नक्की कुठे कमी पडतं हे सगळ्यात बारकाईने लिहिलं गेलंय ते मात्र इंग्लंडच्या टीएसबी बँकेबद्दल. एप्रिल 2018 मध्ये त्यांनी 52 लाख ग्राहक लॉईड्सच्या जुन्या सिस्टिमवरून साबाडेल या स्पॅनिश मालकाच्या नव्या प्लॅटफॉर्मवर एकाच वीकेंडला नेले आणि सोमवारी सुमारे 19 लाख लोक खात्याबाहेर लटकले. पुढे स्लॉटर अँड मे या लॉ फर्मने केलेल्या चौकशीत बोर्डावर जो ठपका आला तो कोडिंगचा नव्हता. 2017 मध्ये ठरलेली तारीख हुकली, नवी तारीख आली, तेव्हा आधीची का हुकली आणि नवी कशावरून जमेल हे बोर्डाने पुरेसं खोदून विचारलं नाही. दोन डेटा सेंटर होती, लोडची टेस्ट एकाचवर झाली होती. काम करणारी साबिस ही साबाडेलचीच कंपनी, तिने तयारीचं जे पत्र दिलं त्यात झालेल्या कामापेक्षा होईल अशी आशा जास्त होती. डिसेंबर 2022 मध्ये बँकेला दोन रेग्युलेटर्सचा मिळून 4 कोटी 86 लाख 50 हजार पाउंडांचा दंड झाला, आणि 2023 मध्ये त्या वेळच्या सीआयओला (आयटीच्या प्रमुखाला) व्यक्तिशः 81,620 पाउंड.

म्हणजे "दोन डेटा सेंटरची टेस्ट लावा" हे स्टीअरिंगचं काम, आणि "टेस्ट झाली म्हणताय ती कशावर झाली" हे विचारणं स्ट्रॅटेजी कमिटीचं. त्यासाठीच ते 7 वर्षांचं कलम, नाहीतर असा प्रश्न सुचतच नाही.

सीआयएसओचं (माहिती-सुरक्षेच्या प्रमुखाचं) एक सांगायचं राहिलं. तो दोन्ही कमिट्यांना कायमचा निमंत्रित असतो, पण आयटी हेडला थेट रिपोर्ट करत नाही आणि त्याला बिझनेसचं टार्गेटही द्यायचं नाही, असं डायरेक्शनमध्येच आहे. कारण साधं आहे, स्टीअरिंगमध्ये "रिलीज जाऊ दे, सिक्युरिटी टेस्टिंग नंतर बघू" असं आयटी हेड म्हणत असेल तर सीआयएसओला ते वर जाऊन बोलता आलं पाहिजे, अप्रेझल त्याच माणसाच्या हातात असेल तर कसला बोलतोय.

मधल्या आकाराच्या एनबीएफसीत गंमत वेगळीच, तिथे एमडी बोर्डावरही असतो आणि रोजचं कामही बघतो, त्यामुळे दोन्ही मीटिंगा एकाच दुपारी, एकाच खोलीत, तीच पीपीटी, मधे दहा मिनिटांचा ब्रेक. असं करत असाल तर निदान मिनिट्स तरी वेगळे लिहा. स्टीअरिंगच्या मिनिट्समध्ये काम, नाव, तारीख. स्ट्रॅटेजीच्या मिनिट्समध्ये कुठला धोका किती काळासाठी मान्य केला, कशासाठी पैसे दिले, कशासाठी नाकारले, आणि कुठल्या डायरेक्टरने काय विचारलं त्याला काय उत्तर मिळालं ते. सगळ्या मुद्द्यांपुढे "कमिटीने नोंद घेतली" एवढंच असेल तर ते मिनिट्स सहीला पाठवण्याआधी कंपनी सेक्रेटरीशी बोला.