ड्युटी बदलते, उंबरठा बदलत नाही: परिचारिकेच्या सवयी आणि ज्यू परंपरेतलं अवधान

रात्रपाळीत पहाटेचे चार वाजलेले असतात. आयसीयूतली सिस्टर वाकून युरिन बॅगवरचा आकडा वाचते. मोठ्या माणसाला तासाला किलोमागे किमान अर्धा मिली लघवी व्हायला हवी, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला ३० मिली. सलग काही तास आकडा त्याखाली राहिला की डॉक्टरांना कळवायचं. ती नोंद करते आणि पुढच्या बेडकडे वळते. तिने स्वतः मात्र रात्री आठपासून पाणी प्यायलेलं नसतं आणि ती बाथरूमलाही गेलेली नसते. ‘एवढं हे इंजेक्शन देते आणि जाते’ असं म्हणत सात-आठ तास उलटतात. लघवी तुंबवणं आणि पाणी कमी पिणं यांतून मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाट मिळते. थोडंसं निर्जलीकरणही डोकं दुखायला आणि लक्ष उडायला पुरतं.

ज्यू परंपरेत नेमक्या याच देहधर्मासाठी एक प्रार्थना आहे, ‘अशेर यात्सार’. बाथरूममधून बाहेर आल्यावर, हात धुऊन ती म्हणायची. तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या ‘ब्राखोत’ या भागात ती अबाये या पंडिताच्या नावावर येते. तो चौथ्या शतकात बॅबिलोनियात होऊन गेला. आशय असा: ज्याने माणसाला शहाणपणाने घडवलं आणि त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या निर्माण केल्या, त्याला धन्यवाद, यातलं एक जरी फुटलं किंवा एक जरी बंद झालं, तर जगणं आणि त्याच्यासमोर उभं राहणं शक्य नाही. कॅथेटर चोंदल्यावर रुग्ण कसा तळमळतो, पोटाच्या ऑपरेशननंतर पहिला वारा सरेपर्यंत सगळे कसे वाट बघतात, हे रोज पाहणाऱ्या माणसाला या ओळी समजावून सांगाव्या लागत नाहीत. ती म्हणायला वीस-तीस सेकंद पुरतात.

याच मुद्द्यावर मोशे बेन मैमोन, म्हणजे रामबाम, फारच स्पष्ट आहे. हा बाराव्या शतकातला धर्मशास्त्रकार आणि वैद्य. ‘मिश्ने तोरा’ या ग्रंथात स्वभाव आणि सवयींवर त्याने एक स्वतंत्र प्रकरणसमूह लिहिला आहे. त्यात तो सांगतो: भूक लागल्याशिवाय खाऊ नये, तहान लागल्याशिवाय पिऊ नये, पोट गच्च भरू नये, झोप आठ तास असावी, आणि लघवी-शौचाची भावना झाली की क्षणभरही थांबू नये. आणि हाच रामबाम ११९९ साली लिहिलेल्या एका पत्रात स्वतःचा दिवस सांगतो. सकाळी राजवाड्यातले रुग्ण. दुपारी भुकेने व्याकूळ होऊन घरी यावं, तर अंगणात रुग्णांची दाटी. हात धुऊन तो त्यांना थोडं थांबायची विनंती करतो आणि घाईने खातो. चोवीस तासांतलं तेवढंच एक जेवण. मग रात्रीपर्यंत तपासणी, शेवटी थकव्याने आडवं पडून औषधं सांगणं. ज्याने नियम लिहिले त्यालाच ते पाळता येत नव्हते. सेवेतला माणूस ज्ञान कमी पडतं म्हणून दमत नाही. दिवसाची घडणच त्याला दमवते. म्हणून सवय अशी बांधावी लागते की ती दमलेल्या माणसालाही पेलेल.

सवय कुठल्या गोष्टीला बांधायची, याचं उत्तर शास्त्र आणि परंपरा जवळजवळ एकच देतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ९६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाने एक नवी कृती निवडली आणि ती रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली, जसं न्याहारीनंतर किंवा जेवणाआधी. कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ पर्यंत पसरला. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. इथे खूण प्रसंगाची आहे, घड्याळाची नाही. परिचारिकांचे ‘रोज सकाळी सहाला वीस मिनिटं ध्यान’ छापाचे संकल्प इथेच मोडतात. या आठवड्यात सकाळपाळी, पुढच्या आठवड्यात दुपार, मग सलग नाइट. सहा वाजता कधी ती उठत असते, कधी बसमध्ये असते, कधी सलाइन बदलत असते. घड्याळाला टांगलेली सवय रोस्टर बदललं की गळून पडते. उठणं, हात धुणं, दारातून आत जाणं, घास घेणं, बाथरूमला जाणं या गोष्टी मात्र कुठल्याही पाळीत असतातच. ज्यू दिनचर्येने आपली छोटी वाक्यं नेमकी अशाच जागी ठेवली आहेत.

उठल्या उठल्या अंथरुणातच ‘मोदे आनी’ म्हणतात (स्त्री ‘मोदा आनी’ म्हणते), म्हणजे ‘मी आभार मानते’. मग दोन कानांच्या तांब्याने हातांवर पाणी. भरलेला तांब्या उजव्या हाताने उचलून डाव्यात द्यायचा, उजव्या हातावर मनगटापर्यंत ओतायचं, मग हात बदलून डाव्यावर. असं आलटून पालटून तीनदा. दोन कान यासाठी की धुतलेल्या हाताचा न धुतलेल्याला स्पर्श होऊ नये. ग्लोव्हज उतरवायची पद्धत शिकलेल्या माणसाला हा विचार लगेच ओळखीचा वाटेल. पण घोळ करू नये. हा विधी जंतू मारत नाही. त्यात साबण नाही आणि विधीआधी हात स्वच्छ असावे लागतात.

वॉर्डात याच जागेवर सॅनिटायझर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे अल्कोहोलचा हातरगडा २० ते ३० सेकंद आणि साबण-पाण्याची धुलाई ४० ते ६० सेकंद. तळवे, हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, बोटांची मागची बाजू, अंगठे, बोटांची टोकं. अंगठे आणि टोकं सर्वांत जास्त राहून जातात, म्हणून लक्षाची खूणगाठ तिथेच बांधावी: अंगठा चोळायला घेतला की पुढच्या रुग्णाचं नाव मनात घ्यायचं. बेड नंबर घ्यायचा नाही. त्यातून दोन कामं होतात. अंगठा सुटत नाही आणि मागच्या बेडवरची चिडचिड पुढच्या बेडपाशी जात नाही. श्वास लांबवायचा असेल तर पाच मोजून आत, पाच मोजून बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वासांच्या या लयीत हृदयाच्या ठोक्यांमधला चढउतार वाढतो. शरीर ताणातून उतरत असल्याची ती खूण आहे.

दारासाठीही असंच काही आहे. ज्यू घराच्या उजव्या चौकटीवर, वरच्या तिसऱ्या भागात ‘मेझुझा’ बसवलेली असते. छोट्या नळीत चर्मपत्राची गुंडाळी, त्यावर ‘शेमा’ प्रार्थनेचा मजकूर. येता-जाता तिला बोटं लावून बोटांचं चुंबन घेतात. ठाण्यात, अलिबागेत, पनवेलला बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, शेजारी असलेल्यांनी हे पाहिलं असेल. परिचारिकेसाठी इथून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे घरच्या दारातला अर्धा मिनिट. चप्पल काढताना चौकटीवर हात ठेवून एक पूर्ण श्वास, आणि मनात वॉर्डातली एकच गोष्ट: ‘सात नंबरचा पोटॅशियमचा रिपोर्ट हँडओव्हरला सांगितला.’ दिवसपाळीच्या मुलीच्या हाती काम गेलं, हे डोक्याला कळलं नाही तर ते झोपेतही चार्ट लिहीत राहतं.

आता एक अडचण, आणि ती खरी आहे. सवय मुरली की ती आपोआप होते, आणि आपोआप होणाऱ्या गोष्टीत लक्ष उरत नाही. अंगठा चोळला जातो, नाव मनात येतं, पण माणूस भलतीकडेच असतो. रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, हे दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. त्यांच्याकडे त्यासाठी शब्दांची जोडी आहे: ‘केवा’ म्हणजे ठरलेपण आणि ‘कव्वाना’ म्हणजे मनाचा रोख. प्रार्थना नुसती केवा होऊ देऊ नका, असं मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदच्या मूळ गाभ्यात, बजावलं आहे; तरीही ठरलेल्या वेळा आणि ठरलेले शब्द त्यांनी सोडले नाहीत. सवय दारापर्यंत आणून सोडते, आत पाऊल दर वेळी आपणच टाकायचं असतं. यावर चालणारा उपाय छोटा आहे. वाक्य तेच ठेवायचं आणि दर आठवड्याला त्यातल्या वेगळ्या शब्दावर थांबायचं. अशेर यात्सारमध्ये एक आठवडा ‘छिद्रं’, पुढचा ‘उभं राहणं’. रोज नवं वाक्य शोधायला गेलं तर सवयच बसत नाही.

थोडा मोकळा वेळ मिळत असेल तर वॉर्सोजवळच्या पियासेच्नोचे रब्बी कालोनिमुस काल्मिश शपिरा यांची ‘हश्काता’, म्हणजे शांतवणं, करून पाहावी. वॉर्सो घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतही त्यांनी आपलं शिकवणं सोडलं नाही; १९४३ साली नाझींनी त्यांना मारलं. पद्धत अशी: काही मिनिटं फक्त विचारांची ये-जा पाहायची, अडवायचं नाही; पाहिलं जातंय म्हटल्यावर त्यांचा वेग उतरतो. मग एकच छोटं वाक्य सावकाश घोळवायचं आणि शेवटी एका गुणासाठी मदत मागायची. पाच मिनिटं पुरे. पण पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान हे डोळे मिटून करू नये. त्या वेळी शरीराचं तापमान आणि सावधपणा तळाला असतात, हमखास डुलकी लागते. तेव्हा उभं राहून पाणी प्यावं, आणि हेपरिन किंवा इन्सुलिनचा डोस दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्यावा. पाचचा चहाही जपून घ्यावा. कॅफीन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात, म्हणजे दहाला पडल्यावरही त्यातलं निम्मं अंगातच असतं.

रुग्णभेटीला ‘बिकुर खोलिम’ म्हणतात. आजाऱ्याला भेटणारा त्याच्या आजाराचा साठावा भाग घेऊन जातो, असं तालमूदमध्ये आहे. तिथेच असंही सांगितलं आहे की त्याच्या उशाशी उंच आसनावर बसू नये. उभ्याने विचारपूस करण्यापेक्षा तेवढाच वेळ बसून बोललं तर रुग्णाला भेट अधिक वेळ झाल्यासारखी वाटते, असं हॉस्पिटलांमधल्या पाहणीतही दिसलं आहे. सलाइनचे थेंब मोजायचेच असतात. स्टूल ओढून डोळ्यांच्या उंचीवर बसून मोजावेत.

स्वभावावर काम करायचं तर ‘मुसार’, म्हणजे चारित्र्य घडवण्याच्या ज्यू परंपरेतली एक जुनी युक्ती कामाची आहे. मेनाखेम मेंडेल लेफिन यांनी १८०८ साली ‘खेश्बोन हनेफेश’, म्हणजे जिवाचा हिशेब, हे पुस्तक काढलं. बेंजामिन फ्रँकलिनच्या पद्धतीवरून त्यांनी तेरा गुण घेतले, प्रत्येकाला एक आठवडा. वर्षात चार फेऱ्या होतात. रात्री तक्त्यात चुकलं तिथे फक्त टिंब. यातला ‘सव्लानुत’, म्हणजे धीर, हा शब्द ओझं वाहण्याच्या धातूपासून येतो, आणि वॉर्डात धीराचा अर्थ तोच असतो. तक्त्यात वाक्यं लिहायला गेलं की हा अजून एक चार्ट होऊन बसतो आणि दहा दिवसांत सुटतो. टिंबं वाढली म्हणून स्वतःला बोलही लावू नये. कुठल्या पाळीत, कुठल्या तासाला ती पडतात तेवढं बघावं. पुष्कळदा ती भुकेच्या तासाला सापडतात.

सुरुवात एकाच गोष्टीने करावी, आणि आमच्या मते ती बाथरूमचीच. ड्युटीला लागण्याआधी एक ग्लास पाणी, दर तीन-चार तासांनी जाणं, हात धुऊन ते वाक्य. ज्यू नसलेल्यांनी आपल्या भाषेतलं, आपल्या श्रद्धेतलं वाक्य घ्यावं; दुसऱ्याच्या प्रार्थनेचा नुसता उपयोग करून घेण्यापेक्षा ते बरं. दोन-तीन महिने एवढंच. आणि हे स्वच्छ सांगायला हवं की एका सिस्टरवर चाळीस रुग्ण टाकले तर कुठलंही अवधान पुरणार नाही. कामामुळे येणारं पूर्ण थकलेपण जागतिक आरोग्य संघटनेने नोकरीशी जोडलेली अवस्था म्हणूनच नोंदवलं आहे. तिथे रोस्टर बदलायला हवं. झोप उडाली, कशातच रस उरला नाही, मरणाचे विचार येऊ लागले तर डॉक्टर गाठावा. सरकारी टेली-मानसचा क्रमांक १४४१६ चोवीस तास चालू असतो.

राहिला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, आणि त्याला जास्त वेळ द्यायला हवा. कोकणातल्या बेने इस्रायलींना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी, बहुतेक ठिकाणी १८ मिनिटं, दिवे लावायचे. शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत कामाचे ३९ प्रकार वर्ज्य. एकूण साधारण २५ तास. जीव वाचवायचा असेल तर मात्र हा नियम बाजूला पडतो. या तत्त्वाला ‘पिकुआख नेफेश’ म्हणतात, आणि त्यामुळेच जेरुसलेमच्या शारे झेदेक या धर्मनिष्ठ हॉस्पिटलात शनिवारीही रुग्णसेवा चालते. १९१६ साली तिथे आलेल्या जर्मन ज्यू परिचारिका सेल्मा मायर यांनी तिथे आयुष्य काढलं.

कामापासून शरीर दूर असणं आणि मन दूर असणं वेगळं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिना झोनेनटाग यांच्या संशोधनातून पुढे आलं. ऑफच्या दिवशी वॉर्डाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा असेल तर तो ऑफ नाही. शेवटच्या नाइटनंतरची सकाळही विश्रांतीत मोजू नये, ती झोपेची परतफेड असते. आधी झोपावं, आणि संध्याकाळी दिव्याने सुरुवात करावी. ज्यू दिवस नाहीतरी संध्याकाळीच सुरू होतो. आदल्या दिवशी उसळ शिजवून ठेवावी, युनिफॉर्म इस्त्री करून टांगावा, बिलं भरून टाकावीत, फोन कपाटात ठेवावा आणि तातडीसाठी घरातला एकच नंबर मेट्रनकडे द्यावा. ही तयारी टाळली की ऑफचे पहिले चार तास तिच्यातच जातात. २५ तास जमत नसतील तर दिवा लावल्यापासून झोपेपर्यंतचे चार तास घ्यावेत, पण ते पूर्ण घ्यावेत.

शेवट ‘हव्दाला’ने होतो, म्हणजे वेगळं करणं. बेने इस्रायली घरांत वाइनऐवजी काळ्या मनुकांचा रस वापरायची जुनी रीत आहे. पेला भरायचा, मसाल्याच्या डबीतली लवंग हुंगायची, अनेक वातींच्या मेणबत्तीच्या उजेडात बोटं वाकवून नखांवरची चमक पाहायची. जीव सुखावतो पण शरीराला काही मिळत नाही अशी गोष्ट कुठली, असं तालमूद विचारतो, आणि उत्तर देतो: सुगंध. मेंदूत वासाची वाट इतर संवेदनांसारखी आधी थॅलॅमसमध्ये थांबत नाही, ती भावना आणि आठवणींच्या केंद्रांपाशी थेट जाते. म्हणून दर आठवड्याला तीच लवंग हुंगली की काही महिन्यांत तो वासच विश्रांती संपल्याची खूण होतो. मग मेणबत्ती पेल्यातून सांडलेल्या रसात विझवतात, आणि कपाटातून फोन बाहेर येतो.