छातीच्या शस्त्रक्रियेनंतरचे कृत्रिम श्वसन

हृदय, फुप्फुस किंवा अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचा स्वतःचा श्वास पुरेसा होईपर्यंत व्हेंटिलेटरने दिलेला आधार. एरवी मध्यपटल, म्हणजे छाती व पोट यांमधला स्नायूचा पडदा, खाली सरकते आणि हवा आत ओढली जाते. यंत्र ती तोंडावाटे श्वासनलिकेत घातलेल्या नळीतून दाबाने आत ढकलते. या दाबाचा फायदा आहे तसाच तोटाही.

भुलीचा अंमल, उरोस्थी (छातीचे मधले हाड) कापल्याची वेदना आणि हृदय-फुप्फुस यंत्रावर (बायपास) असताना मिटून राहिलेली फुप्फुसे यांमुळे श्वास उथळ होतो, खालचे वायुकोश (फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्या) बंद पडतात. म्हणून आधार लागतो. १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओ साथीत भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्याला छिद्र पाडून दाबाने हवा देण्याची पद्धत वापरली. वैद्यकीचे विद्यार्थी पाळ्या लावून हाताने पिशवी दाबत. १९५५ मध्ये स्वीडनच्या ब्यर्क व एंगस्ट्रॉम यांनी फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर अशा दीर्घ आधाराचे अनुभव मांडले.

आज एका श्वासाला साधारण किलोमागे ६ ते ८ मिलिलिटर हवा देतात. वजन मात्र काट्यावरचे नव्हे, उंचीवरून काढलेले धरतात, कारण माणूस लठ्ठ झाला म्हणून त्याचे फुप्फुस वाढत नाही. उच्छ्वासाअखेरही थोडा दाब शिल्लक ठेवल्याने वायुकोश मिटत नाहीत. फुप्फुसाचा भाग काढलेल्या रुग्णात हाच दाब श्वासनलिकेच्या शिवून बंद केलेल्या फांदीवर येतो. तिथून हवा गळू लागली तर छातीतली हवा व द्राव बाहेर काढणाऱ्या नळीच्या बाटलीत बुडबुडे दिसत राहतात. म्हणून अशा रुग्णाची श्वासाची नळी शक्यतो शस्त्रक्रियागृहातच काढतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर सारे ठीक असल्यास सुमारे सहा तासांत काढण्याचा प्रयत्न असतो.

खरे कौशल्य यंत्र लावण्यात नाही, सोडवण्यात आहे. रुग्ण शुद्धीवर, रक्तस्राव आटोक्यात, रक्तदाब स्थिर आणि रक्तातील वायूंची तपासणी समाधानकारक असेल, तर आधार कमी करून अर्धा तास ते दोन तास त्याचा त्यालाच श्वास घेऊ देतात. श्वास भराभर व तोकडे होऊ लागले, घाम फुटला, मानेचे स्नायू ओढले जाऊ लागले, तर पुन्हा आधार वाढवतात. उगाच लांबवले तर न्यूमोनिया होतो, मध्यपटल दुबळे पडते; घाई केली तर नळी परत घालावी लागते. नळी असेपर्यंतचा काळ रुग्णालाही जड जातो: नळी स्वरतंतूंमधून गेल्याने बोलता येत नाही, पाटीवर लिहून किंवा खुणांनी सांगावे लागते.

नळी निघाल्यावर मास्कने दाब किंवा नाकावाटे जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देता येतो. उशी छातीशी घट्ट धरून खोकायला लावतात, श्वासाच्या व्यायामाच्या उपकरणातले गोळे श्वास आत ओढून वर उचलायला सांगतात. वेदनाशामक पुरेसे नसेल तर यातले काहीच नीट होत नाही.