‘कोण लागते?’ आणि ‘का मारलं?’

नाशिकच्या पंचवटीत राहणारी माझी मावशी डिटेक्टिव्ह मालिका लागली की पहिल्या पाच मिनिटांत निकाल देऊन मोकळी होते. प्रेताशेजारी बायको रडताना दिसली, की लसूण सोलता सोलता म्हणते, “हीच. नवऱ्याचं बाहेर काहीतरी असणार.” आणि वैताग असा, की बऱ्याचदा ती बरोबर निघते.

पण तिने उत्तर दिलेलं असतं ते ‘कोण लागते?’ या प्रश्नाचं. ‘का मारलं?’ हा प्रश्न तसाच राहतो. नातं आणि हेतू यांची ही गल्लत मालिका लिहिणारेही करतात, आणि खुनी बाई असली तर हमखास. पुरुषाच्या बाबतीत दोन्ही वेगळं सांगितलं जातं: होता भागीदार, पण मारलं ते अफरातफर उघडी पडू नये म्हणून. बाईचं नातं कळलं की हेतू विचारायचं कुणाला सुचतच नाही. सवत म्हणजे मत्सर, आई म्हणजे माया, सून म्हणजे इस्टेट.

(‘उद्देश’ हे तिसरंच प्रकरण. मारायचंच होतं का, हा उद्देश. मारावंसं का वाटलं, हा हेतू. कोर्टात भक्कम प्रत्यक्षदर्शी साक्षीदार असला तर हेतू सिद्ध झाला नाही तरी शिक्षा होऊ शकते. परिस्थितीजन्य पुराव्याच्या खटल्यात मात्र हेतूला वजन येतं. मालिकेत बघणारा साक्षीदार सहसा नसतोच, म्हणून तिथे सगळी मदार हेतूवर.)

नाशिककरांना हेतू वेगळा ओळखता येत नाही असं नाही. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. दोघांत नातं काडीचं नाही, हेतू लख्ख. तो सांगताना इथे कुणी अडखळत नाही. पण ज्या बाईच्या नाकावरून या गावाला नाव पडलं असं आपण सांगतो, तिच्यापाशी आलो की गडबड. शूर्पणखा म्हटलं की ‘रावणाची बहीण, रामाने नाकारली म्हणून चिडली’ एवढ्यावर आपण थांबतो. वाल्मीकींची शूर्पणखा लंकेत गेल्यावर भावाला काय सांगते? सीतेला तुझी बायको करण्यासाठी आणायला गेले होते, त्यात माझी ही दशा झाली. स्वतःची इच्छा आणि अपमान बाजूला ठेवून ती बहिणीचं नातं पुढे करते, कारण रावण नात्याने हलेल हे तिला ठाऊक आहे. इथे नातं हेतूवर पांघरलेलं आहे.

दोन्हींतला फरक बघायचा तर ‘कोलंबो’ ही त्याच नावाच्या पोलीस डिटेक्टिव्हची अमेरिकन मालिका उत्तम. तिथे खून सुरुवातीलाच दाखवतात, त्यामुळे ‘कोणी’ हा प्रश्न बादच. माझी चाचणी साधी आहे: नातं काढून घ्या आणि हेतू उभा राहतो का ते बघा.

१९७७ च्या एका भागात रहस्यकथा लिहिणारी म्हातारी अ‍ॅबिगेल आपल्या भाचजावयाला हवाबंद तिजोरीच्या खोलीत कोंडून मारते. भाची समुद्रात नाहीशी झाली ती त्याच्यामुळेच, अशी तिची खात्री. तो खरंच दोषी होता का, हे शेवटपर्यंत सिद्ध होत नाही. यातलं नातं काढा, खून कोसळतो. परकी बाई कशाला कोणाला कोंडेल? म्हणजे इथे नातं हाच हेतू. उलट १९७१ च्या भागातली वकीलबाई लेस्ली. ती नवऱ्याला मारते आणि अपहरणाचा बनाव रचते. लग्न केलं होतं ते त्याच्या नावाचा वकिलीत उपयोग म्हणून, आणि ते त्याला कळून चुकलं होतं. त्याच्या जागी भागीदार बसवा, काही बिघडत नाही. ती पकडली जाते तीही यामुळेच. सावत्र मुलगी पैसे घेऊन गप्प बसेल असं तिला मनापासून वाटतं, आणि खंडणीच्याच नोटा ती तिच्या हातात ठेवते. बापाच्या खुनाचं दुःख पैशाने मिटत नाही, हे तिच्या डोक्यातच येत नाही.

मला सतावतो तो १९७५ चा भाग. ग्रेस ही जुनी सिनेनटी. पुन्हा रंगमंचावर उतरायचं तर पैसा हवा, डॉक्टर नवरा द्यायला तयार नाही. ती त्याला मारते. चाचणी लावली तर सोपं: नवऱ्याच्या जागी पैसे अडवणारा कोणीही सावकार चालेल. मग कोलंबोला कळतं, की तिच्या मेंदूत असाध्य आजार आहे आणि तिच्या स्मरणशक्तीवरही त्याचा परिणाम झालाय. नवऱ्याला ते माहीत होतं. तिला ताण सोसवणार नाही, म्हणून तो नाही म्हणत होता. ज्याला अडथळा समजून तिने नवऱ्याला मारलं, ती त्याची काळजी होती. हेतू तिच्यापुरता खरा, पण उभा होता नात्याच्या चुकीच्या वाचनावर. आणि आता तिला खून केल्याचंही आठवत नाही. ती आपला जुना सिनेमा बघत बसते.

तेवढ्यात तिचा जुना नाचातला जोडीदार नेड पुढे येऊन म्हणतो, मी मारलं. कोलंबोला हे खोटं आहे हे माहीत असतं, तरी तो त्याला घेऊन जातो. चौकशीत नेडचं खोटं उघडं पडेपर्यंत ग्रेसचे उरलेले महिने निघून जातील, असा हिशोब. आणि नेडचं खोटं तोवर टिकणार, कारण त्याचं तिच्यावर प्रेम आहे एवढं ऐकल्यावर ‘का मारलं?’ हे विचारायची कुणाला गरज वाटणार नाही.

त्या दिवशी मावशी गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, उशिरा आली आणि खुनाचा प्रसंग हुकला. नेडला बघताच तिने बोट दाखवलं होतं, “हा. याचं तिच्यावर आहे.” शेवटी त्याने कबुली दिली, तशी विजयी मुद्रेने माझ्याकडे वळली. मी काही बोललो नाही. लसणीची सालं गोळा केली आणि टीव्ही बंद केला.