मिरग लागला म्हणता अन् मोबाईल दाखवते श्रवण

मागच्या मिरगाला, म्हणजे मृग नक्षत्र लागलं तेव्हा, पुतण्या वावरातच मोबाईल घेऊन आला, म्हणे काकाजी तुम्ही सकाळपासून मिरग लागला मिरग लागला करून राहिले, अन् हे पंचांगाचं ॲप तर आज श्रवण नक्षत्र दाखवते, खोटं कोण? खोटं कोणीच नाही बाप्पा. नक्षत्रं तीच सत्तावीस, फक्त ॲप चंद्र कुठं आहे ते सांगते अन् आपण सूर्य कुठं आहे ते सांगतो.

चंद्र सगळं आभाळ २७ दिवस अन् वर काही तासांत फिरून येते, म्हणजे एका नक्षत्रात जेमतेम एक दिवस. लग्नाचा मुहूर्त, लेकराचं जन्मनक्षत्र, सगळं ह्या चंद्राच्या नक्षत्रावर. आपल्या महालक्ष्म्याच (गौरी) घ्या ना, अनुराधावर आणायच्या, ज्येष्ठावर जेवण, मूळवर बोळवण, तिथीपेक्षा नक्षत्र पाहतात म्हणून त्या कधी सप्तमीला बसतात कधी अष्टमीला. घरच्या बायांना हे पाठ असते, आपल्याला फक्त आंबील माहीत.

सूर्याला तेच चक्कर मारायला वर्ष लागते, ३६५ भागिले २७, झाले साडेतेरा दिवस. म्हणून मिरग ७-८ जूनला लागला की २१-२२ जूनला आर्द्रा लागेस्तोवर चालते, अन् तारीख दरवर्षी जवळपास तीच.

अजून एक गंमत, मार्गशीर्ष महिन्याचं नावच मृगशीर्षावरून, म्हणजे आपल्या मिरगावरूनच आलं, कारण त्या पुनवेचा चंद्र त्याच्याच आसपास असते अन् सूर्य बरोबर समोरच्या बाजूला. म्हणूनच हिवाळ्यात रात्रीची लाईन आली म्हणून हरभऱ्याले पाणी द्यायला गेलं की मृगाचे ते एका रेषेतले तीन तारे झकास दिसतात, अन् ऐन मिरगात आभाळ साफ असलं तरी दिसत नाही, सूर्याच्याच उजेडात बुडालेले असतात.

आता वाहन, म्हणजे नक्षत्र ज्या जनावरावर बसून आलं म्हणतात अन् ज्यावरून लोक पावसाचा अंदाज बांधतात ते. इथं मात्र दोन्ही नक्षत्रं लागतात. सूर्य मृगात शिरला त्या घटकेला चंद्र ज्या नक्षत्रात असेल तिथपर्यंत मृगापासून मोजायचं, मृग धरून, अन् नऊनं भागायचं. बाकी १ घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव अन् बाकी शून्य म्हणजे हत्ती. चंद्र श्रवणात असला तर मोजून १८ येतात, बाकी शून्य. बेडूक, म्हैस, हत्ती आले की लोक खुश होतात, पण खरं सांगू का, हा नुसता भागाकार आहे, ढगाशी त्याचं काही देणंघेणं नाही.

पुतण्यानं बोटावर मोजलं, हत्ती निघाला, म्हणे मग उद्याच सोयाबीन पेरू काय. म्हटलं बाबू, मान्सून आपल्या विदर्भात जूनच्या मध्याला येते, ७५ ते १०० मिलिमीटर पडू दे पहिले, तोवर बियाण्याची थैली फोडू नको.