कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात सामाजिक शास्त्रांचे विषय: पात्रता, कागदपत्रे आणि विषयांची पारख

बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या, मराठी घरांत कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजचा) विषय निघतो तो साधारण तीन कारणांनी. मुलगी अकरावीत आहे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजचा एखादा विषय करून ठेवायचा आहे. मुलाला बारावीनंतर दोन वर्षं क्युपर्टिनोच्या डी अँझा किंवा फ्रीमाँटच्या ओलोनी कॉलेजात शिकून मग युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर घ्यायची आहे. किंवा पुण्याहून बीकॉम करून आलेली आई एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरीव्हिसावरच्या व्यक्तीच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) आहे, मुलं शाळेत जायला लागली आहेत आणि तिला पुन्हा शिकायचं आहे.

तिन्ही वेळा गणित, कॉम्प्युटर, अकाउंटिंग यांवर घरात रात्र-रात्र चर्चा होते. सामाजिक शास्त्रांवर मात्र "वेळेत बसेल ते घे" एवढ्यावर निर्णय होतो. माझं ठाम मत आहे की जास्त लक्ष इथेच द्यायला हवं. गणिताचा क्रम आधीच आखलेला असतो, तिथे भरकटायला जागा कमी. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र, इतिहास यांत मात्र कोणता विषय कुठे मोजला जातो याचे नियम गुंतागुंतीचे आहेत. शिवाय हे विषय मुलांना ज्या देशात राहायचं आहे तो देश समजावून देतात. त्यांची निवड उरल्यासुरल्या वेळात होऊ नये.

कॅलिफोर्नियात अशी ११६ सार्वजनिक कॉलेजं आहेत. प्रत्येकाचं वेळापत्रक आणि कार्यालय वेगळं असलं तरी अर्जाचा सांगाडा सगळीकडे सारखाच.

कोणाला प्रवेश मिळतो

हायस्कूल पूर्ण केलेल्या किंवा १८ वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीला प्रवेश मिळतो. गुणांची यादी नाही, कटऑफ नाही, वयाची वरची मर्यादा नाही. हायस्कूलमध्ये शिकणाऱ्यांना 'ड्युअल एन्रोलमेंट'खाली, म्हणजे शाळेबरोबरच कॉलेज, असं घेतात. त्यासाठी कॉलेजच्या फॉर्मवर पालकांची आणि शाळेची संमती लागते. अशा विद्यार्थ्याला अर्धवेळ म्हणून सहसा एका सत्रात ११ युनिटांपर्यंत (युनिट म्हणजे विषय केवढा आहे ते मोजायचं माप) विषय घेता येतात आणि बहुतेक कॉलेजं त्याचं प्रवेशशुल्क माफ करतात.

व्हिसाचा मुद्दा नीट समजून घ्या. एच-४ वर असताना शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही, पूर्णवेळ शिकता येतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्याने साधारण १२ युनिटं घेणं बंधनकारक असतं आणि त्यात पूर्ण ऑनलाइन असा एकच विषय धरला जातो. बी-२ व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांना क्रेडिटच्या, म्हणजे युनिटं मिळणाऱ्या, अभ्यासक्रमात नाव घालता येत नाही. त्यांच्यासाठी लायब्ररीतली व्याख्यानं आहेत, कॉलेजचा अर्ज भरू नका.

शुल्काचा खरा प्रश्न: तुम्ही निवासी आहात का

निवासी विद्यार्थ्याला एका सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटांचा विषय १३८ डॉलरचा. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टर पद्धतीवर, म्हणजे सेमिस्टरहून छोट्या सत्रांवर, चालतात. तिथे युनिटला ३१ डॉलर, चार युनिटांच्या विषयाला १२४. वर आरोग्यशुल्कासारखी किरकोळ भर. अनिवासी ठरलात तर हीच रक्कम कित्येक पटींनी वाढते.

निवासी ठरायला सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कॅलिफोर्नियात सलग एक वर्ष आणि एक दिवस राहिलेलं असावं लागतं. इथेच स्थायिक होण्याचा इरादाही कागदांवरून दिसावा लागतो. एच-१बी, एच-४, एल-१ (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा), एल-२ (एल-१ वाल्याच्या कुटुंबाचा) यांवरच्या लोकांना असं निवासित्व मिळवता येतं. एफ-१ आणि बी-२ वर असलेल्यांना मिळत नाही. १८ वर्षांखालच्या मुलाचं निवासित्व आईवडिलांवरून ठरतं.

एक धोक्याची खूण इथेच करून ठेवतो. एच-४ वरचं मूल २१ वर्षांचं झालं की त्याचा तो दर्जा संपतो, आणि बरीच मुलं तेव्हा एफ-१ वर जातात. एफ-१ वर निवासी दर गेला. तुमचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलं असेल, तर दोन वर्षांचा आराखडा मुलाच्या २१ व्या वाढदिवसाकडे बघूनच करा.

कागदपत्रं कोणती? पासपोर्ट, व्हिसाचं पान, आय-९४ (देशात आल्याची नोंद) आणि आय-७९७ मंजुरीपत्र हा पहिला गठ्ठा. कॅलिफोर्नियाचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी, राज्याचं टॅक्स रिटर्न म्हणजे फॉर्म ५४०, घरभाड्याचा करार, वीज किंवा इंटरनेटचं बिल, बँकेचं स्टेटमेंट हा दुसरा. आपल्याकडच्या बायकांची अडचण दुसऱ्या गठ्ठ्यात होते. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, बिलं त्याच्या नावावर, बँकखातंही त्याचंच. वर्षभर इथे राहूनही तिच्या नावाचा एक कागद निघत नाही. म्हणून आल्या आल्या स्टेट आयडी काढा, खातं संयुक्त करा, करारावर दोघांची नावं घाला. शिकायचा विचार पुढच्या वर्षीचा असला तरी आजच करा, कारण मागच्या तारखेचा पुरावा नंतर तयार करता येत नाही.

वर्ष पूर्ण झालं नसेल तरी थोडी वाट आहे. सहा किंवा कमी युनिटं घेणाऱ्या अनिवासी विद्यार्थ्याला जादा शुल्क माफ करण्याची मुभा कायद्याने कॉलेजं चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टना दिली आहे. सगळे डिस्ट्रिक्ट ती वापरत नाहीत, पण प्रवेश कार्यालयात विचारून बघा. केंद्र सरकारची आर्थिक मदत, म्हणजे फाफ्साचा अर्ज, एच-४ वाल्यांसाठी नाही.

अर्ज

अर्ज 'सीसीसी अप्लाय' या संकेतस्थळावरून भरायचा, तो मोफत आहे. आधी 'ओपन सीसीसी' खातं उघडा. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी अर्ज होतो, तो रकाना सोडण्याची सोय आहे. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, एका कागदावर आणि दुसऱ्यावर नाही असं झालं की पुढे ट्रान्स्क्रिप्ट (ग्रेडची अधिकृत नोंद) जुळवताना त्रास होतो. बनावट अर्जांचा सुळसुळाट झाल्यापासून ओळख पडताळणीही होते. ती ऑनलाइन झाली नाही तर कॉलेजात ओळखपत्र दाखवून काम होतं.

विद्यार्थी क्रमांक ईमेलवर येतो. मग ओरिएंटेशन, इंग्रजी-गणिताची पातळी आणि काउन्सेलरबरोबर शिक्षणाचा आराखडा. हे तीनही केलं तर रजिस्ट्रेशनची तारीख लवकरची मिळते, त्यामुळे टाळू नका. २०१७ च्या कायद्यानंतर पातळी ठरते ती हायस्कूलच्या गुणांवर. भारतात शिकलेल्यांना प्रश्नावलीवरून स्वतः ठरवायला सांगतात. भारतातली पदवी मोजून हवी असेल तर नॅसेस या मूल्यमापन संस्थांच्या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून, उदाहरणार्थ वेसकडून, गुणपत्रिकांचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. मात्र दोन-तीन विषयच करायचे असतील तर तो खर्च आधी कशाला?

विषयांची पारख

तीन गोष्टी शेजारी ठेवून बघायच्या: कॅटलॉग, शेड्यूल आणि असिस्ट डॉट ऑर्ग. कॅटलॉगमध्ये कॉलेजला मंजूर असलेले सगळे विषय असतात. त्यात 'लैंगिकतेचं समाजशास्त्र' किंवा 'आशियाचा इतिहास' दिसला म्हणून तो या सत्रात आहेच असं नाही. शेड्यूल सांगतं की आत्ता कोण, केव्हा, कोणत्या पद्धतीने शिकवतंय. काही विषय वर्षातून एकदाच येतात. म्हणून मागच्या दोन-तीन सत्रांची शेड्यूल काढून तो विषय केव्हा येतो ते पाहा आणि मग आराखडा करा. असिस्टवर तुमच्या कॉलेजचा विषय युसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सीएसयूच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या) कोणत्या विषयाच्या जागी धरला जातो ते कळतं. खासगी विद्यापीठं तिथे नसतात.

२०२५ च्या फॉलपासून कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांसाठी युसी आणि सीएसयू दोघांनाही चालणारा एकच सामान्य शिक्षणाचा साचा आहे, कॅल-जेटक. त्यात ११ विषय, ३४ सेमिस्टर युनिटं. चौथा विभाग सामाजिक आणि वर्तनशास्त्रांचा: दोन विषय, आणि तेही दोन वेगवेगळ्या शाखांतले. मानसशास्त्राचेच दोन घेतले तर एकच धरला जातो. सहावा विभाग एथ्निक स्टडीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या वांशिक गटांच्या अभ्यासाचा, एक विषय. समाजशास्त्रातला वंशसंबंधांवरचा विषय कितीही चांगला असला तरी एथ्निक स्टडीज म्हणून मंजूर नसेल तर इथे चालत नाही.

आता बारकावे, कारण गफलत इथेच होते. सांस्कृतिक मानववंशशास्त्र चौथ्या विभागात बसतं. जैविक मानववंशशास्त्र मात्र पाचव्यात, म्हणजे विज्ञानात. भूगोलाचंही तसंच: मानवी भूगोल सामाजिक शास्त्र, प्राकृतिक भूगोल विज्ञान. इतिहासाचे कित्येक विषय मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्र अशा दोन्ही याद्यांत असतात, पण मोजले जातात एकदाच. सीएसयूची पदवी घ्यायची तर अमेरिकेचा इतिहास, राज्यघटना आणि कॅलिफोर्नियाचं शासन यांचा अभ्यास वेगळा सक्तीचा आहे. अमेरिकन शासनाचा एक आणि अमेरिकेच्या इतिहासाचा एक, असे नीट निवडलेले दोन विषय बहुतेक वेळा हीही अट भागवतात आणि चौथा विभागही. दोनच विषय घेणाऱ्याला मी हीच जोडी सुचवीन. घरात संध्याकाळी व्हिसा, निवडणूक, शाळामंडळ यांवर बोलणं होतं, त्याचा पाया या वर्गांत मिळतो.

विषयांचे क्रमांक पूर्वी प्रत्येक कॉलेजचे वेगळे असत. २०२१ च्या कायद्याने समान क्रमांक येऊ लागले आहेत. २०२५ च्या फॉलमध्ये आलेल्या पहिल्या सहा विषयांत सामाजिक शास्त्रांतले दोन आहेत: मानसशास्त्राची ओळख 'पीएसवायसी सी१०००' आणि अमेरिकन शासन 'पीओएलएस सी१०००'. बाकीच्यांसाठी सी-आयडी (कॉलेजांमध्ये सामायिक असलेला विषयाचा क्रमांक) बघा, तो जुळला की दोन कॉलेजांतला विषय एकच समजायचा.

ज्याला हाच विषय मुख्य म्हणून घ्यायचा आहे त्याने आणखी खोलात जायला हवं. मानसशास्त्राच्या ट्रान्स्फर पदवीत (ट्रान्स्फरसाठीच्या दोन वर्षांच्या असोसिएट पदवीत) संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती असतात, आणि संशोधनपद्धतीच्या आधी सहसा संख्याशास्त्र व्हावं लागतं. संख्याशास्त्र शेवटच्या सत्रावर ढकललं की सगळं अडतं. अर्थशास्त्रात सूक्ष्म आणि समग्र दोन्ही लागतात, आणि युसीला कॅल्क्युलसही.

क्वार्टरचं एक युनिट म्हणजे सेमिस्टरचं दोन-तृतीयांश. डी अँझाचा चार युनिटांचा विषय सेमिस्टरच्या हिशेबात पावणेतीनहूनही थोडा कमी भरतो. दोन्ही पद्धतींची कॉलेजं मिसळणाऱ्यांनी एकूण बेरीज ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिटांपर्यंत जाते का ते तपासावं. हायस्कूलमध्ये एपी (शाळेतच होणारा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम) मानसशास्त्र किंवा एपी गव्हर्नमेंट करून ३ किंवा जास्त गुण मिळाले असतील तर तो विभाग आधीच भागलेला असू शकतो. तोच विषय पुन्हा घेतला तर युनिटं दोनदा मिळत नाहीत.

शेड्यूलमध्ये 'झेडटीसी' अशी खूण असेल तर त्या वर्गाला पुस्तकांचा खर्च नाही. समाजशास्त्र, मानसशास्त्र, अमेरिकन शासन यांची ओपनस्टॅक्सची पुस्तकं फुकट वाचता येतात. विषय घ्यावा की नाही असा संभ्रम असेल तर आधी त्यातली दोन प्रकरणं वाचा. कॉलेजच्या अभ्यासक्रम विभागात प्रत्येक विषयाचा मंजूर आराखडा असतो, त्यात किती लेखन आणि वाचन आहे ते दिसतं. तीन युनिटं म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग आणि त्याच्या दुप्पट घरचा अभ्यास. उन्हाळ्यात तेच सहा-आठ आठवड्यांत कोंबलेलं असतं. अकरावीतल्या मुलीला पहिलाच निबंधप्रधान विषय उन्हाळ्यात घ्यायला लावणं मला पटत नाही. घ्यायचाच तर एकच घ्यावा.

ड्युअल एन्रोलमेंटच्या पालकांना आणखी एक सांगणं आहे. इथला ग्रेड कायमचा कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर राहतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जात दाखवावा लागतो. आणि १९७४ च्या फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणाऱ्या कायद्यामुळे मूल १६ वर्षांचं असलं तरी त्याच्या नोंदी कॉलेज पालकांना परस्पर दाखवत नाही. प्राध्यापकांना ईमेल मुलानेच करायचा.

नाव घातल्यावर

वर्ग भरला असेल तर वेटलिस्टवर नाव ठेवा आणि पहिल्या दिवशी हजर राहा. पहिल्या तासाला न आलेल्यांची नावं काढून त्या जागा वेटलिस्टवाल्यांना देतात. शुल्क परत मिळण्याची तारीख, नोंद न राहता विषय सोडण्याची तारीख आणि 'डब्ल्यू' (विषय सोडल्याची नोंद) घेऊन सोडण्याची तारीख या तीन वेगळ्या असतात. पहिल्या दोन सत्र सुरू झाल्यावर लवकरच येतात. कॅल-जेटकसाठी प्रत्येक विषयात निदान सी ग्रेड हवा.

युसीच्या डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा ठिकाणी ट्रान्स्फरच्या प्रवेशाची हमी, म्हणजे टॅग, मिळते. तिचा अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्ये भरायचा असतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांत नाहीत. सीएसयूसाठी ट्रान्स्फरची असोसिएट पदवी हमी देते, पण ती सीएसयूत कुठेतरी जागा मिळण्याची, ठराविक कॅम्पसची नाही.

कॅल-जेटक पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आपोआप जाईल असं धरून चालू नका. ट्रान्स्फरच्या आधीच्या सत्रात, ज्या कॉलेजात शेवटी शिकलात त्यांच्याकडे ते मागायचं. त्याआधी जिथे जिथे एखादा विषय केला असेल, अगदी अकरावीच्या उन्हाळ्यातला एकटा विषयसुद्धा, तिथल्या ट्रान्स्क्रिप्टही त्यांच्याकडे पोचवायच्या.