पार्श्वभूमी: खेड्यातला मधुमेह, जिल्ह्याचे डायलिसिस

मधुमेहाने मूत्रपिंडे कशी खराब होतात याची खूण १९३६ साली सूक्ष्मदर्शकाखाली सापडली. १९८०च्या दशकात कळले की लघवीतून दिवसाला ३० ते ३०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) जाऊ लागले, तर पुढचा धोका काही वर्षे आधीच ओळखता येतो. २००१ मध्ये लोसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या टाइप २ मधुमेहातली ही घसरण मंदावतात, हे सिद्ध झाले. चाचणी आणि गोळी दोन्ही जुन्या. आपल्याकडे धोरणाची भांडणे मात्र डायलिसिसवरून झाली.

२०१० मध्ये मधुमेह, कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघातासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आला, २१ राज्यांतल्या १०० जिल्ह्यांत. त्याच्या नावात मूत्रपिंड नव्हते. २०१२ मध्ये देशभरातल्या ५२ हजारांवर मूत्रपिंडरुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांत ३१ टक्क्यांच्या आजारामागे मधुमेह होता आणि १६ टक्क्यांचे कारणच ठरवता आले नव्हते. हे कारण न सापडलेले रुग्ण तुलनेने तरुण, गरीब आणि आजार बराच पुढे गेल्यावर आलेले होते. पुन्हा या नोंदी तज्ज्ञापर्यंत पोहोचलेल्यांच्या. जो धडगावहून नंदुरबारलाही गेला नाही, तो यांत कुठून असणार?

मग २०१६चा अर्थसंकल्प. दरवर्षी २.२ लाख नवे रुग्ण, एका डायलिसिसला सुमारे २,००० रुपये, केंद्रे बहुतेक खासगी आणि मोठ्या शहरांतली, असे चित्र मांडून जिल्हा रुग्णालयांत खासगी भागीदारीतून डायलिसिस देण्याची घोषणा झाली. बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता: समोर धाप लागलेला माणूस आहे, त्याला यंत्र नसेल तर तो जाणार. तपासणीचा फायदा दिसायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि तेवढी वाट कुठलेही सरकार बघत नाही.

विरोधकांचे गणित मला अधिक पटते. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास. एका वेळेला यंत्रातून साधारण १२० लिटर शुद्ध केलेले पाणी जाते, शिवाय वीज अखंड हवी. म्हणजे यंत्र जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या गावीच थांबणार. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या पुढे, आणि पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. डायलिसिस फुकट असले तरी एसटीचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी घरातूनच जाते. तीनाचे दोन होतात, दोनाचा एक, आणि मग रुग्ण येईनासा होतो.

घरी पोटातून करायच्या डायलिसिसचा पर्याय केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत २०१९ मध्ये आला. थायलंडने सरकारी योजनेत २००८ पासून त्यालाच अग्रक्रम दिला होता. २०२२ मध्ये तिथे निवड रुग्णावर सोपवली गेली. आपल्याकडे अडचण द्रावाच्या रोजच्या पिशव्या दुर्गम पाड्यापर्यंत पोहोचवण्याची आणि जंतुसंसर्गाची. तरी यंत्राच्या मानाने यावर चर्चा फारच थोडी झाली.

दरम्यान २०१७ पासून तिशीवरच्यांची तपासणी सुरू झाली: शुगर, बीपी आणि तीन कर्करोग. आशाताई फॉर्म भरतात, बोटातून रक्त घेतले जाते, पण लघवी राहून जाते. गंमत अशी, की गरोदर बाईच्या लघवीतले अल्ब्युमिन उपकेंद्रातली परिचारिका (एएनएम) कधीपासून पट्टीवर बघते आहे. त्या पट्टीला सुरुवातीची बारीक गळती दिसत नाही हे खरे, पण मोठी गळती नक्की दिसते. तीच पट्टी शेजारी बसलेल्या मधुमेही सासऱ्यासाठी वापरायला कुणी सांगितले नाही. आदिवासी पट्ट्यात आणखी एक गुंता आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे तीन महिन्यांच्या साखरेचा अहवाल चुकू शकतो आणि सिकलसेल स्वतःही लघवीतून अल्ब्युमिन घालवतो.

२०२३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाची नवी नियमावली आली, तिच्यात दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराला जागा मिळाली. त्याआधीच, २०२० मध्ये, डॅपाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाचे मूळ पेटंट भारतात संपून स्वस्त गोळ्या बाजारात आल्या होत्या; मार्च २०२५ मध्ये त्याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचेही संपले. मूत्रपिंड वाचवायला या गोळ्या कुणाला द्यायच्या, हे रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) आणि लघवीतल्या अल्ब्युमिनवरूनच ठरते.