पाम बीच रोडवरचा आडवा वारा आणि डीप कार्बन चाकं

एप्रिलमधल्या एका रविवारी मित्राची ६० एमएम डीप कार्बन चाकं, म्हणजे ज्यांची रिम (टायर बसतो ती बाहेरची कड) टायरपासून आत ६० मिलिमीटर खोल असते ती, माझ्या सायकलला लावून पाम बीच रोडला गेलो होतो. सकाळी साडेसहाला वाशीहून बेलापूरकडे जाताना काय सुख होतं म्हणून सांगू, हवा पडलेली, चाकांचा तो घुमणारा आवाज, आणि एरवी ताशी ३० किलोमीटरला धाप लागते तिथे ३२-३३ आरामात चाललंय. मग चहा-पोहे, गप्पा, आणि परत फिरायला साडेदहा वाजले. एनआरआय कॉम्प्लेक्सच्या इमारतींचा आडोसा संपला आणि डावीकडून, खाडीच्या बाजूने असा झोत आला की हँडल आपोआप उजवीकडे वळलं आणि मी हातभर रस्त्याच्या मधे. मागून बस येत होती, ती लांब होती म्हणून निभावलं. त्यानंतर वाशीपर्यंत बाटली काढायला एक हात सोडायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

मुंबईत हे घड्याळ लावल्यासारखं होतं. पहाटे जमीन थंड असते, वारा नसतो किंवा जमिनीकडून हलकासा असतो. ऊन चढलं की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची गरम हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा आत येतो. मार्च ते मे तो दुपारकडे चांगलाच जोर धरतो. वरळी सीफेस, मरीन ड्राइव्ह, पाम बीच हे सगळे रस्ते साधारण किनाऱ्याला समांतर, म्हणजे पश्चिमेचा वारा थेट बाजूने लागणार.

आता चाकाचं काय होतं ते बघा. रोडबाईकची रिम, टायर बसतो तिथे, ६२२ मिलिमीटर व्यासाची असते. त्यावरून हिशोब केला तर ३० एमएम खोल रिमचं बाजूने दिसणारं क्षेत्रफळ साधारण ५७० चौरस सेंटिमीटर येतं आणि ६० एमएमचं १,०८० च्या आसपास, म्हणजे वाऱ्याला ढकलायला जवळपास दुप्पट जागा. वारा तर आपल्या अंगालाही लागतो, अंग चाकापेक्षा कितीतरी मोठं, पण अंगावरचा जोर सगळ्या सायकलला एकत्र ढकलतो आणि आपण नकळत वाऱ्याकडे थोडे झुकून तो सांभाळतो. पुढच्या चाकाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्यावरचा जोर बरोब्बर मधोमध लागत नाही, विमानाच्या पंखासारखा पुढच्या भागात जास्त लागतो, आणि ती जागा हँडल ज्या अक्षाभोवती फिरतं त्याच्या पुढे पडते, त्यामुळे वारा चाकाला नुसतं ढकलत नाही तर हँडल फिरवतो. मागचं चाक फ्रेममधे घट्ट बसलेलं, वर आपलं जास्त वजनही तिकडेच, त्यामुळे ते कितीही खोल असलं तरी हाताला फारसं कळत नाही.

एकसारखा वारा असेल तर हातांना दहा मिनिटांत सवय होते. त्रास देतो तो अचानक येणारा आणि अचानक जाणारा झोत, दोन इमारतींच्या फटीतला, किंवा ट्रक ओव्हरटेक करतो तेव्हा आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो तो. जुन्या रिम आतल्या बाजूला टोकदार, इंग्रजी व्ही सारख्या असायच्या, त्यांच्यावरून हवेचा प्रवाह एका कोनानंतर झटकन सुटायचा आणि हँडलला हिसका बसायचा. आताच्या बऱ्याच रिम स्पोकच्या बाजूला गोलसर, यू सारख्या असतात, कारण चाकाच्या मागच्या अर्ध्या भागात वाऱ्याला आधी भिडते ती हीच आतली कड. म्हणून सेकंडहँड चाकं घेताना नुसती खोली विचारू नका, रिमचा आकार डोळ्यांनी बघा. हवाईतल्या कोना गावी आयर्नमॅनची, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं अशा लांब शर्यतीची, वर्ल्ड चॅम्पियनशिप व्हायची तिथे आडव्या वाऱ्यामुळे कित्येक वर्षं पूर्ण बंद डिस्क चाकाला परवानगीच नव्हती.

मग खोल चाकं घ्यायचीच कशाला? कारण हाच आडवा वारा मदतही करतो. तुम्ही ताशी ३० ने जाताय आणि बाजूने १० चा वारा आहे, तर चाकाला वारा समोरून लागतच नाही, साधारण १८ अंश तिरका लागतो. कोळ्यांची शिडाची होडी जशी तिरक्या वाऱ्यावर पुढे जाते तसं चांगल्या रिमवर थोडासा जोर पुढच्या दिशेने मिळतो आणि हवेचा अडथळा कमी होतो.

आता घाट. "घाटासाठी हलकी चाकं घे, डीप नको" हे आपल्याकडे सगळे सांगतात, मीही सांगायचो, एकदा कागद घेऊन बसलो तेव्हा मत बदललं. खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून खंडाळ्याला चढताना उंची वाढते साधारण ५०० मीटर. माणूस आणि सायकल मिळून ८३ किलो धरा, चढ ६ टक्के, वेग ताशी १२. गुरुत्वाकर्षणाशी झगडायला लागतात १६० वॅटच्या वर आणि हवेला फक्त ७ च्या आसपास. म्हणजे घाटात हवेचा प्रश्न जवळजवळ मिटलाच, मग वजनच सगळं ठरवणार ना? बरोबर, पण कुठलं वजन? २०० ग्रॅम हलकी चाकं घेतली तर ८३ किलोत पाव टक्काही फरक पडत नाही. चाळीसेक मिनिटांच्या त्या चढात वाचतात ६ सेकंद. शिंग्रोबाला हात जोडायला थांबलो तरी त्याहून जास्त वेळ जातो.

चाकातलं वजन दुप्पट मोजावं लागतं म्हणतात, त्यात तथ्य आहे पण अर्धंच. रिमला पुढे न्यायचं आणि वर फिरवायचंही, म्हणून वेग वाढवताना तिचं वजन जवळपास दुप्पट भासतं. एका लयीत चढताना वेग वाढतच नाही, मग ते एकदाच मोजायचं.

तेच सपाट रस्त्यावर ताशी ३० ला हवेशी झगडायला १०० च्या वर वॅट जातात. वेग दुप्पट केला की ही ताकद आठपट लागते, म्हणून तिथे समजा चाकांनी ३ वॅट वाचवले तर तासाला अर्धा मिनिट मिळतो. मुंबईहून खोपोलीपर्यंतचा रस्ता घाटापेक्षा कितीतरी लांब आहे, त्यामुळे घाटाच्या राईडलाही मध्यम खोल चाकं तोट्याची नाहीत.

घाटात चाकांची खरी परीक्षा उतरताना असते. चढून कमावलेली सगळी ऊर्जा उतरताना परत मिळते, वरच्या आकड्यांनी ती सव्वा लिटर पाणी उकळायला पुरेल इतकी आहे. बरीच हवेत जाते पण वळणावळणावर ब्रेक दाबला की उरलेली उष्णता होते. ॲल्युमिनियम ती पटकन पसरवतं, कार्बनला ते जमत नाही, आणि ज्या रेझिनने कार्बनचे धागे धरून ठेवलेत ते जास्त तापलं की मऊ पडतं. त्यामुळे रिम ब्रेकची, म्हणजे ब्रेक थेट रिमवर घासतो अशी, सायकल असेल तर बोरघाटासाठी कार्बन रिम घेऊच नका, असं मी ठामपणे सांगेन, पावसात तर ब्रेक आणखी उशिरा लागतो. डिस्क ब्रेक असेल तर ही चिंता नाही, तो रिमला लागतच नाही.

आणि टायर. आपल्या रस्त्यांना २८ एमएम रुंदीच्या खाली जाऊ नका, पण मग रिमही तेवढी रुंद हवी. झिप या चाकं बनवणाऱ्या कंपनीत काम केलेल्या जॉश पोर्टनर यांचा १०५ चा नियम आहे, रिमची बाहेरची रुंदी टायरपेक्षा किमान ५ टक्के जास्त हवी, म्हणजे २८ च्या टायरला साडेएकोणतीस. अरुंद रिमवर फुगलेला टायर बसवला की टायरवरून येणारा हवेचा प्रवाह तिथेच सुटतो आणि खोलीचे पैसे पाण्यात.

मुंबईत राहणाऱ्याने पुढे ३५ ते ४५ एमएम खोल आणि मागे ५० किंवा जास्त असा मेळ घालावा, वजन ६० किलोच्या आत असेल तर पुढे ३५ च. मित्राला चाकं परत देताना हेच म्हटलं, मागचं राहू दे, पुढचं तेवढं बदल. त्याने पुढे ३५ घातलंय. गेल्या रविवारी साडेदहाला परत येताना एनआरआयच्या पुढे मी त्याच्या मागेच होतो, वारा तसाच होता, आणि तो एका हाताने बाटली काढून निवांत पाणी पीत चालला होता.